चौदा चिंचोके

जेठ महिना लागला की रामाजी रामटेक्यांच्या घरावर दोन माणसं चढतात. दोघंही साठीला टेकलेली. एक लटारू लेनगुरे, काडीसारखा वाळका, मांजरासारखा आढ्यावरून चालतो. दुसरा भैयाजी कामडी, चांगलं पोट सुटलेला, त्यानं पाय ठेवला की खालून अंजनाबाई ओरडतात, "भैयाजी, आडं तुटन जी!" दिवसभर हे दोघं कवेलू, म्हणजे कौलं, काढतात, झाडतात, फुटके खाली टाकतात, नवे बसवतात. पावसाआधी घर फेरून द्यायचं ते असं, की आषाढात एक थेंब आत पडू नये. मजुरी म्हणाल तर काहीच नाही. दुपारी भात आणि झिंग्याची चटणी, संध्याकाळी चहा, एवढ्यावर दोघं खूश.

शेजारी विचारतात, "रामाजीभाऊ, हे कोन लागतात तुमचे?"

रामाजी चष्मा पुसतात आणि सांगतात, "कोनी नाई. माझ्याकडून एक कागद लिवून घेतला होता यांनी."

आता कागद लिहून घेतलेली माणसं उलटून कधी लिहिणाऱ्याच्या घरावर कवेलू फेरायला आली आहेत का? तहसिलीत रोज शेकडो कागद लिहिले जातात. कागद झाला की माणूस पाठ फिरवतो आणि पुढं भेटला तरी ओळख देत नाही. पण ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायची तर आधी रामाजी सांगावे लागतील.

रामाजी अर्जनवीस आहेत. सिंदेवाहीच्या तहसिलीसमोर करंजाच्या झाडाखाली त्यांचं टेबल. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायची, हेच काम चौतीस वर्षं. त्याआधी आठ वर्षं चंद्रपुरात एका वकिलाकडे लेखनिक होते, तिथं कायद्याची पुस्तकं चाळून चाळून बरंच डोक्यात गेलं. अक्षर असं, की तलाठ्यानंही चष्मा न लावता वाचावं. स्वभाव मात्र अडेलतट्टू. समोर कोणी बसलं की एकच सवाल.

"झाला काय, थे सांगा. लिवाचा कसा, थे मी पाहीन."

यात अडेलतट्टूपणा काय, असं वाटेल. तर सांगतो. आपल्याकडच्या कागदांत 'हातउसने' हा शब्द फार कामाचा. व्यवहार काहीही असो, कोणी म्हैस दिलेली असो, कोणी लग्नाचा मांडव घातलेला असो, लिहायचं मात्र 'रोख रक्कम हातउसनी घेतली'. असा कागद कोर्टात दगडासारखा टिकतो. शेजारच्या टेबलावरचा प्रफुल दिवसातून दहा वेळा तो शब्द लिहायचा आणि दहा गिऱ्हाइकं हसत जायची. रामाजी मात्र नाही म्हणजे नाही. पैसे दिले असतील तरच हातउसने लिहीन, म्हैस दिली असेल तर म्हैस लिहीन. गिऱ्हाईक उठून प्रफुलकडे जायचं. मग संध्याकाळी रिकाम्या खिशानं घरी आलं की अंजनाबाईंचं सुरू व्हायचं.

"खरं लिवून लिवून घरावर कवेलूले कवेलू नाई राह्यला. पोरी न्हात्या तं पावसानंच न्हातात."

यावर रामाजी गळणाऱ्या जागी भांडं सरकवत. घर खरंच गळायचं. पण या हट्टाला एक मूळ होतं. त्यांच्या बापाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची दोन झाडं होती. एका साली बापानं गावातल्या एका मोठ्या माणसाला त्या हंगामाची मोहफुलं वेचायला दिली. त्या माणसानं कागद करून आणला, बापाचा अंगठा घेतला. पुढच्या चैत्रात आई टोपली घेऊन झाडाखाली गेली, तर तिला हाकलून दिलं. कागदात लिहिलं होतं, दोन्ही झाडं विकली. आई त्या मोहाखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "एवढ्यानं जाते का जी झाड? एका आंगठ्यानं?" रामाजी तेव्हा आठ वर्षांचे होते. पाटी-पेन्सिल हातात होती आणि त्यांना त्या दिवशी कळलं, की लिहिणारा माणूस काय करू शकतो.

तर असे हे रामाजी. आता पोळा.

कोरोनानंतरचा पहिला मोठा पोळा होता तो. रामाजींच्या टेबलापासून बसनं अर्ध्या तासावर डोंगरटोला म्हणून गाव आहे, तिथं तोरणाखाली बैलं उभी राहिली. लटारूची जोडी झूल-बेगड लावून अशी सजवलेली, की पोरं हात लावून पाहत होती. भैयाजीनं तीन वर्षांपूर्वीच बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला. घरी बैल नाही म्हणून पोळ्याला कसं यायचं नाही? त्यानं ट्रॅक्टरलाच झेंडूची माळ घातली, बॉनेटला शेंदूर लावला आणि तो घरघर करत तोरणाखाली आणून उभा केला.

लटारू आणि भैयाजी हे लंगोटीयार. एकाच बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, पोहायला शिकले, एकाच मास्तरचा मार खाल्ला. लटारू हसून म्हणाला, "भैयाजी, पोळा बैलाचा असते गा. तुया ट्रॅक्टर पुरनाची पोळी खाईन का?"

सगळा गाव खो खो हसला. थट्टा साधी होती, पण भर तोरणात झाली आणि भैयाजीला ती झोंबली. तोरण तुटलं, बैलं घरोघरी ओवाळून झाली, आणि पारावर दरसालच्या पोळ्यासारखी पत्त्यांची बैठक बसली, तरी तो धुसफुसत होता. शेवटी त्यानं पोरांच्या खेळातले चिंचोके उचलले.

"लटाऱ्या, ये. एकी-बेकी. पाहू तुयी बैलं जिकतात का माया ट्रॅक्टर."

एकी-बेकीहून सोपा खेळ जगात नसेल. एकानं मुठीत चिंचोके घ्यायचे, दुसऱ्यानं सांगायचं एकी का बेकी. मूठ उघडायची, मोजायचे, संपलं. पहिल्यांदा नारळ लागला. मग धानाचं पोतं. मग लोक भोवती गोळा झाले, आणि लोक गोळा झाले की माणसाचं डोकं त्याच्या धडावर राहत नाही. भैयाजी म्हणाला, "ट्रॅक्टर लावतो. आहे हिंमत?" लटारू म्हणाला, "बोडीची बांधी लावतो."

बांधी म्हणजे धानाचं वावर. लटारूची ही दोन एकरांची बांधी बोडीच्या अगदी पायथ्याशी. ज्या साली पाऊस दगा देतो, त्या साली साऱ्या शिवारात तेवढंच धान हिरवं उभं असतं. घरचं वर्षाचं खाणं त्याच वावराचं. लटारूची बायको आशाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं दरसाल रोवणीला वाकलेली. ती त्या वेळी घरी बैलांच्या पाया पडत होती.

भैयाजीनं मूठ पुढं केली. लटारू म्हणाला, "एकी." मूठ उघडली. एक, दोन, तीन करत पोरांनी मोजले. चौदा निघाले. बेकी. लटारू बांधी हरला. कोणी प्यालेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. प्यालेले असते तर दुसऱ्या दिवशी हसून सोडून दिलं असतं. दोघं शुद्धीवर होते, म्हणूनच पंचाईत झाली.

तिसऱ्या दिवशी दोघं शंभराचा स्टॅम्प घेऊन तहसिलीसमोर हजर. मागून, दहा पावलांवर, आशाबाई. आधी ते प्रफुलच्या टेबलावर बसले. प्रफुलनं सगळं ऐकलं आणि लगेच पेन उघडलं. "सोपं हाये. लटारूभाऊनं तीन लाख हातउसने घेतले, नाई फेडले तं बांधी भैयाजीच्या नावानं. सही करा."

भैयाजी खुर्चीवरून ताडकन उठला. "मी याले पैसे देलो काऊन? मी जिकलो! सारा गाव पाहून होता. जिकलो असाच लिव."

लटारूही तेवढाच तापला. "आन मी का कर्जबुडव्या हावो? आमच्या घरान्यात कोनी कर्ज कहाडलं नाई. मी हारलो, म्हनून देतो. हारलो असाच लिवा, नाई तं सही भेटत नाई."

प्रफुलनं कपाळाला हात लावला. आयुष्यात त्याला अशी गिऱ्हाइकं मिळाली नव्हती, ज्यांना दोघांनाही खरंच लिहून हवं होतं. त्यानं पेनानंच शेजारच्या टेबलाकडे दाखवलं. "खरं लिवाचं तं तिकडे जा."

रामाजींनी विचारलं, "झाला काय, थे सांगा." दोघांनी सांगितलं. एकानं चुकवलं की दुसरा दुरुस्त करायचा. ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा, मूठ डावी का उजवी, चिंचोके किती. रामाजी ऐकता ऐकता थबकले. वकिलाकडे असताना शंभर वेळा वाचलेली ओळ त्यांना लख्ख आठवली. करार कायद्याचं तिसावं कलम. पैजेचा करार रद्दबातल. पैजेत जिंकलेल्या गोष्टीसाठी दावा लावता येत नाही. म्हणजे हे दोघं म्हणतात तसा, झाला तसाच कागद लिहिला, तर या कागदाला कोर्टात रद्दीचीही किंमत नाही.

हे सांगायला हवं होतं. सांगायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आशाबाई पुढं आली. तोवर ती करंजाच्या बुंध्याला टेकून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "भाऊ, एवढ्यानं जाते का जी वावर? चौदा चिंचोक्यानं?"

रामाजींचं तोंड मिटलं. समोर आशाबाई होती आणि मोहाखाली आई होती. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बाई, जे झाला थे लिवतो. बस एवढाच."

आणि लिहिलं. 'पोळ्याच्या दिवशी पारावर चिंचोक्यांच्या एकी-बेकीच्या खेळात, मुठीत चौदा चिंचोके निघाल्यामुळे, लिहून देणार हा बोडीची बांधी हरला असून मळणीनंतर ती लिहून घेणाऱ्याच्या नावानं करून देईल.' अक्षर न अक्षर खरं. दोघांनी वाचून मान डोलावली. भैयाजी तर इतका खूश, की त्यानं तो कागद जमलेल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवला. रामाजींनी दोघांकडून लिहिणावळ घेतली. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पेनाचं टोपण लावताना लाज वाटली.

मळणी झाली. त्या वर्षी पीक नामी होतं. भैयाजी फेरफार करायला तलाठ्याकडे गेला. तलाठ्यानं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि चहा पाजून म्हणाला, आधी वकिलाला दाखवा. भैयाजी कागदासोबत लिहिणाऱ्यालाही घेऊन चंद्रपूरला निघाला. रामाजींचे जुने वकील आता नव्हते, त्यांची मुलगी माधवी ती कचेरी चालवत होती. तिनं कागद हातात घेतला आणि हसून रामाजींकडे पाहिलं.

"काका, अक्षर ओळखलं मी." मग ती भैयाजीकडे वळली. "ही पैज आहे. पैजेचा करार कायदा मानत नाही. दावा लावला तर पहिल्या तारखेलाच बाहेर. आणि हा कागद फार लोकांना दाखवत फिरू नका, जुगाराचा गुन्हा तुमच्यावरच लागायचा."

भैयाजी लालबुंद झाला. "म्हंजे हारनाऱ्यानं तोंड फिरवलं तं चालते? मी हारलो असतो तं माया ट्रॅक्टर त्याच्या दारात उभा केलो असतो. मोठ्या मानसानं शुद्धीत शब्द देल्ला, साऱ्या गावासमोर देल्ला, सही केली. मंग कोर्ट कशासाठी बसवलं? शब्द पाळाले लावाचा नाई तं?"

माधवी वकील तरुण होती, पण तिनं उडवून लावलं नाही. "तुमचं म्हणणं खोटं नाही, भैयाजी. शब्द हा शब्दच. पण मुठीत चिंचोके होते. त्यासाठी कोणी काही पेरलं नाही, कोणी काही विकलं नाही, कोणाचा घाम गेला नाही. अशा एका मुठीवर कोर्टानं वावरं द्यायला सुरुवात केली, तर पुढच्या पोळ्याला गावात कोणाची बांधी कोणाकडे राहील? तुमचा ट्रॅक्टर गेला असता, तर लटारूभाऊंनाही मी असंच परत पाठवलं असतं. शब्द पाळायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. घ्यायचं की नाही, हे तुम्ही. त्यात कोर्ट येणार नाही."

निघताना तिनं रामाजींकडे पुन्हा एकदा पाहिलं. या माणसाला तिसावं कलम तोंडपाठ आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.  ते पाहणं रामाजींना बसमध्ये सिंदेवाहीपर्यंत टोचत आलं. शेजारी भैयाजी कायद्याला शिव्या देत होता, आणि रामाजी खिडकीतून सागाची झाडं मोजत गप्प बसले होते. दुसऱ्यांदा गप्प बसले होते.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. कायद्यानं नाही म्हटलं, बांधी लटारूची, आशाबाई सुटली. पण माणसांची गंमत अशी, की कायद्यानं सोडलं तरी ती एकमेकांना सोडत नाहीत. लटारू म्हणाला, "कायदा काही म्हनो, मी जबान देलो. थे वावर माझं नाई. त्यात पाय ठेवनार नाई." तिकडे भैयाजीही पेटून उठला. "वकिलीन नाई म्हनते, थे मी कब्जा करून घेऊ? लोक म्हनतीन लटारूले लुटला. मी पाय ठेवत नाई." दोघं भेटेनासे झाले, बोलेनासे झाले. गावातली सर्वांत चांगली बांधी दोन जणांच्या इभ्रतीमध्ये अडकून बसली.

आषाढ आला. पाऊस चांगला लागला. आशाबाईनं सवयीनं घराजवळच्या तुकड्यात पऱ्हे, म्हणजे रोवणीची धानाची रोपं, टाकले होते, ते वीतभर वाढले. सगळ्या गावात चिखलणी सुरू झाली आणि बोडीच्या बांधीत पाणी नुसतंच साचून राहिलं. लटारूची बैलं खुंट्याला, भैयाजीचा ट्रॅक्टर अंगणात. एक दिवस आशाबाई भिजतच करंजाखाली आली. रामाजींनी टेबलावर प्लास्टिक अंथरलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी देवावानी उभे राह्यले. तुमी खरं लिवलं म्हनून वावर वाचलं. जिंदगीभर नाव काढीन तुमचं. पन पऱ्हे पिवळे पडून राह्यले जी. अजून आठ दिवस गेले, तं या सालचं धान गेलं. एक खेप आमच्या गावाले येऊन जा न. तुमचं ऐकतीन थे दोघं."

देवासारखे म्हटल्यावर रामाजींना खुर्चीत बसवेना. त्यांच्या मनात आलं, या बाईला ठाऊक नाही की मी खरं लिहिलं ते माझ्या हट्टापायी, आणि गप्प बसलो ते एका माणसाला फसवून. भैयाजी माझ्याकडे आला तो खरं मिळेल म्हणून आला होता. ज्यानं शेजारचं टेबल सोडून माझ्यावर भरवसा टाकला, त्यालाच मी अंधारात ठेवलं. त्यांनी आशाबाईला बसवलं, चहा मागवला आणि एक कोरा कागद पुढं ओढला.

रामाजी आणि आशाबाई एकाच बसनं डोंगरटोल्याला गेले. आशाबाई घरी वळली. भैयाजी पडवीत ट्रॅक्टरला ग्रीस लावत बसला होता, जवळ त्याची बायको सुगंधाबाई तांदूळ निवडत होती. रामाजींनी 'राम राम' केला नाही, 'जय भीम' केला नाही, सरळ कागद पुढं केला. बोलून सांगायची त्यांना हिंमत झाली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलं, हा पहिला स्वतःचा.

'मी, रामाजी सोमाजी रामटेके, लिहून देतो की पोळ्याच्या पैजेचा कागद लिहिताना तो कोर्टात टिकणार नाही, हे मला माहीत होते. भैयाजी कामडी यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. लिहिणावळ मात्र घेतली. ती सोबत परत देत आहे. मला त्या बाईंचे वावर जाऊ द्यायचे नव्हते, एवढेच कारण.'

भैयाजीनं ग्रीसच्या हातानंच कागद धरला, दोनदा वाचला. रामाजी उभेच होते. आता हा माणूस तहसिलीत जाऊन ओरडेल, इतक्या वर्षांचं नाव मातीत जाईल, करंजाखालचं टेबल उठवावं लागेल, हे सगळं त्यांनी येताना बसमध्येच गृहीत धरलं होतं.

"फसवलं तुमी मले," भैयाजी म्हणाला.

"हो."

भैयाजीनं कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुमी सांगितलं असतं, तं मी काय केलो असतो मालूम हाये का? प्रफुलच्या टेबलावर परत गेलो असतो. तवा मी असा रागात होतो, का हातउसनेच काय, काही बी लिवून घेतलो असतो. अना आज त्या बांधीत मी रोवना लावून राह्यलो असतो, अना धुऱ्यावर आशाबाई उभी राह्यली असती. मले बहीन नाई जी. मी लहानपनी भाऊबीजेले लटाऱ्याच्या आईच्या हातचा टिका लावत होतो, आशाबाई आली तवापासून तिच्या हातचा." त्यानं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. "बरं झालं नाई सांगितलं. लई बरं झालं."

सुगंधाबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "आता समजलं का? मी सालभर तेच सांगून राह्यली. ट्रॅक्टर हारून आले असते तं मी घरात घेतली असती का तुमाले?"

भैयाजी हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला असावा, कारण सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. मग त्यानं ट्रॅक्टरला किल्ली मारली आणि रामाजींना शेजारी मडगार्डवर बसवलं. चिखल उडवत ट्रॅक्टर लटारूच्या दारात गेला.

लटारू ओट्यावर बसला होता. त्यानं तोंड फिरवलं.

"लटाऱ्या, एक सांग," भैयाजी ट्रॅक्टरवरूनच ओरडला. "मी जिकलो का नाई?"

"जिकला."

"थे वावर मले देल्लास का नाई?"

"देलो. मी कुठी नाई म्हनून राह्यलो?"

"मंग माझ्या वावराचं मी काय बी करीन. राखी येऊन राह्यली. आशाबाई, ओवाळनी आधीच घे. बोडीची बांधी तुले देलो. आता हे वावर लटाऱ्याचं नाई, माझं बी नाई, माझ्या बहिनीचं हाये. बहिनीच्या वावरात मी चिखल कराले जाऊन राह्यलो. कोनाले पाय ठेवाचा नसन त्यानं ओट्यावर बसा."

 लटारूचा शब्दही राहिला होता आणि वावरही राहिलं होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं झालं ते त्याला उमगत नव्हतं. तो उठला, आत गेला, फावडं घेऊन बाहेर आला आणि धुरा फोडून जास्तीचं पाणी काढायला ट्रॅक्टरच्या मागून चालू लागला. आशाबाई दारातच खाली बसली आणि रडली. मोकळं, मोठ्यानं रडली. दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई गावातल्या वीस बाया घेऊन रोवणीला उतरली. दोन एकर एका दिवसात हिरवे झाले.

भैयाजीला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तो रामाजींना म्हणाला, "ओवाळनीचा बी कागद लिवून द्या."

"नाई लिवत," रामाजी म्हणाले.

"काऊन?"

"कायद्यानं थे वावर तुमचं झालंच नव्हतं. जे तुमचं नाई, थे तुमी देल्ला असा मी कसा लिवू? तोंडानं देल्ला, तेवढाच राहू द्या."

भैयाजीनं हात टेकले. हा माणूस सुधारणार नाही, हे त्याला तिथंच कळलं.

पुढच्या पोळ्याला भैयाजीनं ट्रॅक्टर घरीच ठेवला आणि लटारूच्या एका बैलाचा कासरा धरून तोरणाखाली उभा राहिला. रामाजी आणि अंजनाबाईंना मुक्कामाला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी घरोघरच्या दारात रोवलेले पळसाचे डगळे, म्हणजे फांद्या, उपसले आणि पोरं मारबत, म्हणजे गावची इडापिडा, घालवायला शिवेकडे निघाली. "खासी-खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" शिवेवर डगळ्यांचा ढीग पेटला. भैयाजीनं खिशातून तो शंभराचा स्टॅम्प काढला, एकदा सगळ्यांना दाखवला आणि ओरडला, "चौदा चिंचोके घेऊन जा गे मारबत!" कागद पेटला. लटारूनं टाळ्या वाजवल्या, मग डोळे पुसले.

रामाजी पुढं झाले. आपलाही कागद आता जावा, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी हात पुढं केला. "भैयाजी, माझा बी द्या. त्याच्यासंगच जाऊ दे."

भैयाजीनं खिसा चाचपला. ग्रीसचे डाग पडलेला तो कागद त्यानं ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसोबत प्लास्टिकमध्ये ठेवला होता, आणि आज सोबत आणला होता. त्यानं तो काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"हा नाई जळत जी. हा कागद होता म्हनून माया ट्रॅक्टर त्या बांधीत चिखल कराले गेला. नाई तं आंगनातच उभा राह्यला असता."

 रामाजींना त्या धुराआड आपला बाप आठवला, आई आठवली, आणि त्यांच्यासाठी कोणी असं गप्प बसलं नाही, हेही आठवलं. पण त्या सकाळी त्यांना वाईट वाटलं नाही. आपल्या हातानं एक झाड जागेवर राहिलं, असं वाटलं. कोणा अनोळखी माणसानं दीडशे वर्षांपूर्वी ते तिसावं कलम लिहून ठेवलं, त्याचेही त्यांनी मनात आभार मानले.

तेव्हापासून दर जेठात हे दोघं कवेलू फेरायला येतात. अंजनाबाईंच्या घरात आता पाणी येत नाही. त्या कोणालाही सांगतात, "खरं लिवल्यानं घर गळत होता, आता खरं लिवल्यानंच थांबला."

परवा दोघं वर होते. फुटके कवेलू खाली येऊन पडत होते. रामाजी अंगणात बाजेवर बसून ऐकत होते. भैयाजीनं वरून विचारलं, "लटाऱ्या, सांग. आज किती फुटले, एकी का बेकी?"

वरून आणखी एक फुटका कवेलू खाली आला. मग लटारू म्हणाला, "मी नाई सांगत गा. आधी बायकोले विचारून येतो."